अनुस्वारांनी वाचलेला लॅपटॉप

छापखान्यात त्यांना सगळे 'अनुस्वार' म्हणत. अंगानं टिचभर आणि बसायचे सगळ्यांच्या डोक्यावर. त्यांचं टेबल माळ्यावर होतं, खाली यंत्रं धडधडत असायची, आणि यंत्रावर चढण्याआधी प्रत्येक पान त्यांच्या नजरेखालून जायचं. चौतीस वर्षं त्यांनी प्रुफं वाचली. वैद्यकाची पुस्तकं, कायद्याची पुस्तकं, पंपांची आणि बॉयलरची माहितीपुस्तकं, मराठीतली आणि इंग्रजीतलीही. त्यातलं त्यांना फारसं कळत नसे आणि कळून घ्यायची त्यांची इच्छाही नसे. "अर्थ कळायला लागला की माणूस पुढं पळतो," ते म्हणत, "आणि चूक मागं राहते."

एकदा औषधांच्या एका पुस्तकाची छपाई त्यांनी मधेच थांबवली होती. एका तक्त्यात सगळ्या आकड्यांना दशांश चिन्ह होतं आणि एकाला नव्हतं. ते पान त्यांच्याकडे न येताच यंत्रावर चढलं होतं आणि आठशे प्रती छापून झाल्या होत्या. मॅनेजर माळ्यावर चढून आला आणि म्हणाला, "तुम्ही डॉक्टर आहात का?" अनुस्वार म्हणाले, "नाही. पण वरच्या सात ओळींत टिंब आहे आणि आठवीत नाही." लेखक डॉक्टरांना फोन लावला तेव्हा त्यांनी आठशेच्या आठशे प्रती जाळून टाकायला सांगितलं. त्या डोसनं रोगी रोगासकट गेला असता. मॅनेजर मुकाट्यानं खाली उतरला. पुढं कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि अनुस्वारांना त्यात काही वावगंही वाटलं नाही.

छापखाना बंद झाल्यावर ते घरी बसले. बसले म्हणजे नुसते बसलेच. डोळ्यांना सवय लागलेली, ती कुठं जाणार? साबणाच्या वेष्टनापासून लिफ्टमधल्या सूचनेपर्यंत ते सगळं वाचत आणि दुरुस्त करत. बायकोनं यादीत 'दुध' लिहिलं तर दूध आणायला निघण्याआधी ते पेन शोधायचे. शेवटी तिनं याद्या करणंच सोडलं. "तोंडी सांगते," ती म्हणायची, "त्यात तरी ऱ्हस्व-दीर्घ काढू नका."

घरात तिसरं माणूस म्हणजे सून. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता, सहा-सहा महिने पाण्यावर. सून चित्रकार होती, पण भिंतीवर लावायची चित्रं काढणारी नव्हे. ती वैद्यकाच्या पुस्तकांसाठी शरीराच्या आतली चित्रं काढायची. जिन्याकडे खिडकी असलेल्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं, टेबलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर कुणाचं तरी मूत्रपिंड. सासूबाई चहा द्यायला जाताना पडद्याकडे न बघता कप ठेवायच्या.

अनुस्वार आणि सून यांच्यात वाकडं काहीच नव्हतं. सरळही काही नव्हतं. दोघंही अबोल. लग्नाला चार वर्षं झाली तरी तिला 'तू' म्हणावं की 'तुम्ही', हे अनुस्वारांचं ठरलं नव्हतं, म्हणून ते कर्ता गाळून बोलायचे. "जेवण झालं का?" "दार लावलं गेलंय ना?" "बाहेर जायचं दिसतंय." तिला आधी वाटलं, आपल्यावर राग आहे. मग नवऱ्यानं फोनवर सांगितलं, "राग नाही, व्याकरण आहे." तेव्हापासून तीही तसंच बोलू लागली. "चष्मा टीव्हीवर राहिलाय." घर सुरळीत चाललं होतं.

मग लॅपटॉप बिघडला.

झालं असं, की तिला हाताच्या शरीररचनेच्या पुस्तकाची बेचाळीस चित्रं करायची होती आणि हातात चोवीस दिवस होते. मनगटाची आठ हाडं पडद्यावर फिरवून बघताना एकदम पडदा काळा झाला. तीन सेकंदांनी परत आला आणि कोपऱ्यात संदेश आला, की डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरलाय. तिनं काम पुढं चालू केलं. पाच मिनिटांनी परत तेच. संध्याकाळी तिनं लॅपटॉप बंद केला. पडदा काळा झाला, पण आतला पंखा घरघरत राहिला आणि बटणावरचा दिवा जळत राहिला. तिनं वाट पाहिली, मग तसाच बॅगेत घातला. सकाळी बॅग इस्त्रीसारखी तापली होती आणि बॅटरी शून्यावर आली होती.

आठवडाभर हेच. दिवसा पडदा जायचा, संध्याकाळी लॅपटॉप जायला तयार नसायचा. शेवटी बटण दहा सेकंद दाबून धरून त्याचा गळा आवळावा लागायचा.

तिनं नवऱ्याला विचारलं. जहाजावरून आवाज तुटत तुटत आला. "डिस्क क्लीनअप मार... सगळं टिक कर... जुना कचरा असेल." तिनं मारलं. काही फरक पडला नाही. मग ती कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्यानं लॅपटॉप उघडला, आत फुंकर मारली, मिटला आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय."

घरी आल्यावर तिनं ते सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "काही झालं की जायची पाळी मदरचीच."

अनुस्वार पेपर वाचत होते. म्हणजे पेपरातल्या चुकांना गोल करत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "त्यात काही लिहून ठेवलं जातं का?"

"कशात?"

"यंत्रात. दिवसभर एवढं काम करतं. कधी काय झालं, त्याची नोंदवही असेल."

सून थांबली. "असते," ती म्हणाली. "इव्हेंट लॉग म्हणतात. पण हजारो ओळी असतात, बाबा. कुणी वाचत नाही."

अनुस्वारांनी पेपरची घडी घातली. हजारो ओळी आणि कुणी वाचत नाही, हे वाक्य त्यांनी निवृत्तीनंतर प्रथमच ऐकलं होतं.

"छापून मिळेल का?"

सहा आठवड्यांचा लॉग तिनं पेनड्राइव्हवर घेतला आणि झेरॉक्सच्या दुकानात छापायला दिला. दोनशे बारा पानं झाली. दुकानदारानं विचारलं, "प्रबंध आहे का?" ती म्हणाली, "आत्मचरित्र. लॅपटॉपचं." त्यानं स्पायरल बाइंडिंग हवंय का विचारलं. तिनं हो म्हटलं.

अनुस्वारांनी खिडकीपाशी टेबल ओढलं, लाल पेन्सिलीला टोक केलं आणि पहिलं पान उघडलं. मग त्यांना कुणी दोन दिवस पाहिलं नाही. म्हणजे ते तिथंच होते, पण नव्हते. बायकोनं तीनदा जेवायला हाक मारली आणि तिन्ही वेळा "हे पान" एवढंच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वही घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. आधी त्यांनी नोंदवली ती हरकत. "शुद्धलेखनाची चूक नाही. पण पूर्णविराम काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही. एकाच पुस्तकात असं चालत नाही."

"बरं," सून म्हणाली.

"आता दुसरं. 'डिस्प्ले ड्रायव्हर थांबला आणि सावरला', ही ओळ एकसष्ट वेळा आहे. सगळे शेवटची ओळ बघतात. मी पहिली शोधली. चौदा तारीख, मंगळवार, अकरा वाजून बावन्न मिनिटं. त्याआधी पाच आठवडे ही ओळ एकदाही नाही."

सून खुर्ची वळवून बसली.

"मग मी तिथून वर वाचत गेलो. अकरा वाजून वीस मिनिटांनी एक वेगळी ओळ आहे. त्याआधी कुठंही नाही, नंतर कुठंही नाही." त्यांनी पान पुढं केलं. लाल गोलात लिहिलं होतं, की डिस्प्ले ड्रायव्हरची नवी आवृत्ती यशस्वीपणे बसवली गेली.

"मी नाही बसवली."

"बसवली गेली, असं आहे. कर्ता गाळलाय."

सुनेनं कॅलेंडर बघितलं. चौदा तारखेला सकाळी ती दाढ काढायला गेली होती. लॅपटॉप चालू ठेवून. ती तिकडं तोंड उघडून बसली होती तेव्हा इकडं लॅपटॉपनं आपला आपण नवा ड्रायव्हर घालून घेतला होता.

"ड्रायव्हर म्हणजे काय?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"पडद्यावर चित्र उमटवणारा एक भाग असतो, आई. त्याला लॅपटॉपचं बोलणं समजावून सांगणारा प्रोग्राम."

"म्हणजे दुभाषा."

"हो."

"दुभाषा बदलला तर भांडणं होणारच," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी नळ सोडला.

जुना ड्रायव्हर परत आणायचा, एवढंच काम होतं. त्यासाठी एक बटणही होतं. सुनेनं ते शोधून काढलं. बटण राखाडी होतं, दाबलं जाईना. तिनं इकडंतिकडं वाचलं आणि मग म्हणाली, "जुना ड्रायव्हर यंत्रात ठेवलेला असतो. पण डिस्क क्लीनअप केलं की तो जातो."

क्लीनअपचा सल्ला मुलाचा होता. जहाज त्या वेळी कुठल्या तरी समुद्रात होतं.

मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून जुना ड्रायव्हर शोधायचा ठरला. पानावर नऊ आवृत्त्या होत्या आणि आवृत्तीचे आकडे ठिपक्याठिपक्यांनी चौदा-चौदा अंकी. सून मोठ्यानं वाचायची आणि अनुस्वार पेन्सिलीचं टोक एकेका अंकावर ठेवत छापील लॉगशी ताडून बघायचे. माळ्यावर ते वाचकाबरोबर असंच करायचे, एकानं बोलायचं, एकानं बघायचं. सहावी आवृत्ती जुळली.

तिनं ती उतरवून घेतली, लॅपटॉप सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी जरुरीपुरता, चालू केला आणि नवा ड्रायव्हर काढून टाकला. सेफ मोडमध्ये पडद्यावरची अक्षरं एकदम मोठी झाली, बोराएवढी.

"असंच ठेवता येणार नाही का?" अनुस्वारांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"हं."

जुना ड्रायव्हर बसला. लॅपटॉप परत सुरू झाला. सुनेनं वायफाय जोडलं, मनगट उघडलं, फिरवायला घेतलं आणि पडदा काळा झाला. बघितलं तर नवा ड्रायव्हर परत येऊन बसला होता. तिनं त्याला पुढच्या दारानं काढलं आणि तो इंटरनेट जोडल्याबरोबर मागच्या दारानं घरात आला होता.

"आपल्या आत्याबाईंसारखं आहे," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत सगळं पहिल्यापासून. या वेळी सुनेनं आधी वायफाय तोडलं आणि ड्रायव्हर आपोआप उतरवून घेण्याची सेटिंग बंद केली. मगच जुना बसवायला घेतला. पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली. एक मिनिट झालं, तीन झाली. पडदा लुकलुकला आणि अंधारला. सुनेच्या मनात काय आलं कोण जाणे, गेला आठवडाभर जे करत होती तेच करायला तिचं बोट आपसूक बटणाकडे गेलं.

"अगं, हात काढ!" अनुस्वार ओरडले. "वाक्य संपलेलं नाही!"

तिनं हात काढला. पडदा परत आला, पट्टी पुढं सरकली आणि ड्रायव्हर बसला.

चार वर्षांत त्यांनी तिला उद्देशून सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. आज्ञार्थी होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही आल्याचं दाखवलं नाही. अनुस्वार चष्मा पुसत बसले. सुनेनं मनगट उघडलं आणि फिरवलं, डावीकडं, उजवीकडं, उलटं. दोन तास फिरवलं. पडदा गेला नाही.

संध्याकाळी तिनं लॅपटॉप बंद केला. पडदा काळा झाला. पंखा घरघरत राहिला.

सून उठून तोंड धुऊन आली. टॉवेलमध्ये तोंड असतानाच म्हणाली, "बाबा, बारा दिवस राहिलेत आणि एकतीस चित्रं. नवा लॅपटॉप घ्यावा का?"

तिनं आपल्याला काही विचारलंय, हे अनुस्वारांच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "तू चित्रं काढ. दिवसा तो चालतोय ना? बंद व्हायचं ते मी बघतो."

त्यांनी परत दोनशे बारा पानं घेतली. या वेळी शेवटून सुरुवात केली. शेवटून वाचलं की गोष्ट तयार होत नाही, नुसत्या ओळी दिसतात. सून खुर्चीत बसून पडद्यावर पेननं हाताची चित्रं काढत होती आणि ते खिडकीपाशी पानं उलटत होते. खोलीत पेनच्या टोकाचा आवाज आणि कागदाचा आवाज.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बंद करायचे दोन प्रकार आहेत का?"

"शट डाउन आणि रिस्टार्ट. बंद करणं आणि बंद करून परत चालू करणं."

"बिघडल्यापासून रिस्टार्ट सतरा वेळा झालंय. सतराही वेळा नीट. अडकतो तो फक्त शट डाउनला." त्यांनी दोन पानं शेजारी ठेवली. "आणि हे बघ. हे बिघडण्याआधीचं आहे. चालू होताना तो दर वेळी एक ओळ लिहितो. रिस्टार्टनंतर तिच्या शेवटी शून्य आहे. शट डाउननंतर एक आहे. बाकी ओळ तीच. असं का?"

सुनेला माहीत नव्हतं. तिनं ती ओळ तशीच्या तशी शोधून पाहिली. वाचत गेली तशी तिच्या भुवया वर गेल्या. "शून्य म्हणजे पूर्ण नव्यानं सुरू झाला. एक म्हणजे... बाबा, शट डाउन केलं तरी हा पूर्ण बंद होतच नाही. दुसऱ्या दिवशी लवकर चालू व्हावं म्हणून अर्धं सगळं तसंच लिहून ठेवतो. ड्रायव्हरसकट. फास्ट स्टार्टअप म्हणतात. तिथंच कुठं तरी अडकतोय."

"म्हणजे बंद करा म्हटलं तर बंद होत नाही?"

"नाही."

"आणि रिस्टार्ट म्हटलं तर खरा बंद होतो?"

"हो."

अनुस्वार लाल झाले. एकसष्ट वेळा पडदा गेला तेव्हा ते शांत होते, मदरबोर्ड गेला तेव्हा शांत होते. "मग तिथं 'बंद करा' असं लिहिलंय कशाला? ही छपाईची चूक नाही, हा खोटेपणा आहे. शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

सुनेनं सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपवरची खूण काढली. मग 'शट डाउन' दाबलं. पडदा काळा झाला. पंखा घरघरला, हळू झाला आणि थांबला. दिवा विझला. तिघंही ऐकत उभी राहिली.

"गेला?" सासूबाईंनी हलकेच विचारलं.

"गेला," अनुस्वार म्हणाले.

उरलेले दिवस सुनेनं चित्रं काढली. लॅपटॉप सकाळी चालू व्हायला पूर्वीपेक्षा वीस सेकंद जास्त घ्यायचा आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. अनुस्वार मात्र रिकामे झाले. दोन दिवस ते खोलीच्या दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "बाबा, चित्रांवरची नावं वाचून देता? हाडांची, स्नायूंची. मला आता सगळी सारखीच दिसतात."

त्यांनी खुर्ची आणली. बेचाळीस चित्रांत त्यांना चार चुका सापडल्या. त्यांतली एक स्पेलिंगची नव्हती. एका चित्रात बाण करंगळीकडे जात होता आणि नाव अंगठ्याच्या स्नायूचं होतं. त्यांना स्नायू कळत नव्हते. पण आधीच्या अकरा चित्रांत ते नाव दुसऱ्या बाजूला होतं. एक दिवस आधी चित्रं गेली. प्रकाशकाकडून उलट टपाली विचारणा आली, की नावं कुणी तपासली आणि ते गृहस्थ आणखी काम घेतील का. सुनेनं 'विचारून सांगते' असं लिहिलं आणि पत्र पाठवायच्या आधी अनुस्वारांना वाचायला दिलं. त्यांनी एक स्वल्पविराम काढला आणि म्हणाले, "घेतील."

अनुस्वारांनी लॅपटॉपच्या कंपनीलाही एक पत्र लिहिलं. दोन पानी. त्यात 'शट डाउन' या शब्दाला हरकत होती आणि पूर्णविरामांची यादी होती. उत्तर आलं नाही. त्यांनी आठवण करून देणारं पत्र लिहिलं.

दोन महिन्यांनी मुलगा सुट्टीवर आला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सून आंघोळीला गेलेली असताना तिच्या टेबलापाशी बसला. पडद्यावर त्याला दिसलं, की अपडेट थांबवलेले आहेत आणि ड्रायव्हर दोन वर्षं जुना आहे. बायको इतके दिवस एकटीच झुंजतेय, असं वाटून त्याला भरून आलं. त्यानं सगळं सुरू केलं.

सून केस पुसत आली तेव्हा तो म्हणाला, "तुझा लॅपटॉप अपडेट करून टाकलाय. आता बघ कसा पळतो."

सुनेच्या हातातला टॉवेल जागच्या जागी थांबला. "बाबा!" तिनं हाक मारली.

अनुस्वार आले तेव्हा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता आणि काखेत स्पायरल बाइंडिंग. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "कितव्या मिनिटाला?"

"काय?"

"कधी दाबलंस?"

"दहा मिनिटं झाली असतील. का? काय झालं?"

दोघांनी त्याला उत्तर दिलं नाही. सून खुर्चीत बसली, अनुस्वार शेजारी. "सेफ मोड," ती म्हणाली. "हं," ते म्हणाले. "आवृत्ती वाचते." "वाच." ती अंक म्हणत गेली आणि त्यांची पेन्सिल कागदावरून पुढं सरकत गेली.

मुलगा थोडा वेळ दारात उभा राहिला. "मी काही मदत करू का?" त्यानं विचारलं.

"हो," सून पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "राऊटरचा प्लग काढ. आणि सांगेपर्यंत परत लावू नकोस."

त्यानं बाहेर जाऊन प्लग काढला. मग अर्धा तास तो, साठ हजार टनांच्या जहाजाचा सेकंड इंजिनिअर, बैठकीच्या खोलीत वायर हातात धरून उभा होता. आईनं त्याला चहा तिथंच आणून दिला.